उलटी चाळणी

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस हैदराबादेत मुसी नदीचे पाणी गौलीगुड्याच्या महात्मा गांधी बसस्थानकात शिरले, अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावे लागले, आणि उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातल्या त्या जुन्या चिंचेची पुन्हा आठवण निघाली, जिने २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात सुमारे दीडशे माणसे आपल्या फांद्यांवर तारली होती. बसस्थानकाच्या जागेचे जुने नाव इमलीबन, म्हणजे चिंचेचे बन. तेव्हा नदी आणि चिंच यांचे इथले नाते जुनेच. पुराच्या दिवसांत शहरात एकच विचारणा चालते, की वर उस्मानसागरची आणि हिमायतसागरची किती दारे उघडली. धरणाच्या दारांविषयीचा दुसरा प्रश्न मात्र शंभर वर्षांत क्वचितच कोणाच्या तोंडी आला. त्या दारांतून पाणी खाली उतरते. पण खालून वर जाऊ पाहणाऱ्या जिवाचे काय, आणि त्याला वाट करून दिलीच तर त्याच्या मागोमाग आणखी कोण वर चढेल?

मृगाचा पहिला दणका बसला की ओढ्याच्या वळणावर, बांधाच्या फटीत, तळ्याच्या सांडव्याखाली मासे उलट्या पाण्याने वर येऊ लागतात. घाटमाथ्यावर त्यांना चढणीचे मासे म्हणतात, उत्तर कोकणात वलगणीचे. तेलंगणात तळ्याच्या सांडव्याला अलुगू किंवा मत्तडी म्हणतात आणि तळे भरून वाहू लागले की तिथे जाळी घेऊन अख्खे गाव लोटते. पंजाएवढा मासा सांडव्याच्या दगडावर आपटतो, शेवाळावरून घसरतो, डबक्यात क्षणभर दम खातो आणि पुन्हा त्याच धारेत तोंड खुपसतो. त्याच्या पोटात अंडी असतात आणि अंड्यांना हवे असते वरचे उथळ, वाहते, निवळ पाणी. हैदराबादेत मृग लागतो त्या दिवशी मासा खाण्याचा प्रघात आहे. बेगमबाजारच्या मासळी बाजारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, आणि नामपल्लीच्या मैदानावर दम्यावरचा मत्स्यप्रसाद घेणाऱ्यांच्या घशात मरळीचे जिवंत पिल्लू सोडले जाते. चढणीचा मुहूर्त या शहराने पंचांगात जपला. नदीतली चढण मात्र त्याच्या हातून निसटली.

हा मुहूर्त राज्यकर्त्यांना एके काळी ठाऊक होता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासीच्या पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस नेमून त्या दिवशी मासे मारू नयेत आणि विकूही नयेत असे बजावले. त्यामागे धर्म होता हे खरे, पण जिवांना काही दिवस मोकळीक देणे हे राजाचे काम आहे ही जाणीवही त्यात होती. पुढे सुमारे ११३० च्या आसपास कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लासा’त माशांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, समुद्रातले कोणते आणि नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते, कोणाला कसले आमिष लागते, याची तपशीलवार नोंद केली. हे कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातले, पुढे निजामाच्या राज्यात आलेले. दख्खनच्या राज्यकारभाराला मासा अपरिचित नव्हता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

वाट अडवण्याचा वाद इतर देशांतही तितकाच जुना आहे. १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या तेहतिसाव्या कलमाने थेम्स, मेडवे आणि इंग्लंडभरच्या नद्यांतले मासे अडवणारे बांध काढून टाकण्याचे वचन राजाकडून घेतले. मुख्य कारण नावांच्या वाहतुकीचे होते, तरी नदीची वाट खासगी मालमत्ता नव्हे हे तत्त्व त्यात कागदावर आले. त्याच दशकात काकतीयांच्या राज्यात, १२१३ साली, रामप्पाचे देऊळ पुरे झाले आणि त्याच्या शेजारचा तलाव आजही पाणी धरून आहे. काकतीयांनी आणि त्यांच्यानंतर कुतुबशाहांनी बांधलेल्या या तळ्यांची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. मातीचा बांध, कडेला दगडी सांडवा, सांडव्याचे पाणी खालच्या तळ्यात आणि तिथून त्याच्याही खालच्या तळ्यात. पावसाळ्याचे काही दिवस ही साखळी ओल्या धाग्यासारखी जोडली जाई, आणि ठेंगण्या सांडव्यांवरून मासे तळ्यातून तळ्यात चढत. बांधणाऱ्यांच्या मनात ते नसेलही. पण ज्या बांधकामात पाण्याला उतरायला पायऱ्या ठेवल्या, त्यात माशाला चढायलाही पायऱ्या आपोआप मिळाल्या. १५६३ च्या सुमारास झालेल्या हुसेनसागरातही मुसीचेच पाणी कालव्याने आणले होते.

एकोणिसाव्या शतकात या नद्यांची पहिली पद्धतशीर मोजदाद झाली ती पुण्याजवळ. कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या माशांना शास्त्रीय नावे देताना मराठी भोयांच्या तोंडचे शब्दच लॅटिनच्या वेशात बसवले. खुदरी, कोलुस, मुसुल्ला, नुक्ता, बोग्गुट ही नावे आजही जगभरच्या ग्रंथांत आहेत. त्याने नोंदलेल्यांत अहीरही होता. अहीर समुद्रात जन्मतो, नदीत वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा समुद्रात जातो. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. तेव्हा पुण्यात अहीर सापडत होता याचा अर्थ समुद्रापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंतचा हजार किलोमीटरहून लांब रस्ता एका बोटाएवढ्या पिल्लाला उघडा होता. अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावून वाडपल्लीपाशी कृष्णेला मिळणारी मुसी, जिला पुराणप्रिय लोक मुचकुंदा म्हणतात, ही त्याच रस्त्याची एक आळी.

रस्ता तेव्हाच बंद होऊ लागला होता. १८५० च्या दशकात गोदावरीवर दौलेश्वरमला आणि कृष्णेवर विजयवाड्याला बंधारे झाले, लाखो एकर भिजले, दुष्काळ हटले. त्यांचे उपकार नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण फ्रान्सिस डे या डॉक्टर-मत्स्यशास्त्रज्ञाने १८७३ च्या आपल्या सरकारी अहवालात सांगितले, की अशा बंधाऱ्यांखाली मासे थोपून राहतात, तिथे त्यांची बेसुमार कत्तल होते, आणि त्यांना वर जायची वाट ठेवली पाहिजे. १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा आला. त्याने सुरुंग आणि विष घालून मासे मारण्याला बंदी केली, बांधांविषयी नियम करण्याची मुभाही दिली. पण मोठ्या धरणांचा काळ यायच्या वेळी त्या मुभेचा वापर करण्याची कोणाला गरज भासली नाही. १९३४ साली कावेरीवर मेट्टूर झाले आणि वरच्या कावेरीतली हिल्सा संपली. १९७५ साली गंगेवर फराक्का झाला आणि अलाहाबादपर्यंत जाणारी हिल्सा खालीच अडकली. एकाच नोंदीचे हे तीन उतारे आहेत, आणि प्रत्येक पिढीने ते नव्याने लिहिले.

हैदराबादचे १९०८ याच काळातले. गौलीगुड्याच्या शेजारी मराठी मंडळींनी विवेकवर्धिनीची शाळा सुरू करून जेमतेम वर्ष झाले होते. त्या सप्टेंबरात मुसी शहरावरून वाहून गेली. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. निजामाच्या निमंत्रणावरून आलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत मुरलेले अभियंता. १९०३ साली खडकवासल्याच्या तलावावर स्वयंचलित दारे बसवून त्यांनी नाव मिळवले होते. म्हणजे साइक्सने ज्या मुठेतले मासे मोजले, त्याच मुठेवर सिद्ध झालेली दारांची विद्या मुसीवर आली. त्यांनी आधी मोजणी केली. मुसीच्या पाणलोटात ७८८ तळी होती आणि त्यांपैकी २२१ फुटली, हा त्यांचा निष्कर्ष आजही अंगावर येतो, कारण पुराचा आरोप त्यांनी ढगांवर ढकलून दिला नाही. एकामागोमाग एक फुटत गेलेल्या तळ्यांच्या साखळीत कारण शोधले. त्यांनी सुचवलेल्या दिशेने मुसीवर १९२० मध्ये उस्मानसागर, ज्याला गावकरी गंडीपेट म्हणतात, आणि इसी नदीवर १९२७ मध्ये हिमायतसागर उभा राहिला. पूर थोपला, शहराला गोड पाणी मिळाले. हिशेबात मासा नव्हता. तो नसण्यात दुष्टपणाही नव्हता, कारण ज्या शहराने नुकतीच आपली प्रेते मोजली होती त्याला माशांची मोजणी सुचणे कठीण. इतिहासाचा दोष त्यानंतर सुरू होतो. त्या घाईत जे राहून गेले ते निवांतपणी भरून काढायला शंभर वर्षे होती.

त्या शंभर वर्षांत आपण रिकामे बसलो असेही नाही. वाहती नदी थांबली की साचलेल्या पाण्यात काहीतरी सोडावेसे माणसाला वाटते, आणि प्रत्येक वेळी हेतू चांगलाच असतो. सिकंदराबादेत १८९७ साली रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. तीस वर्षांनी, १९२८ मध्ये, डासांच्या अळ्या खाणारा गंबुसिया इटलीहून भारतात आला. तो देशी माशांची अंडी-पिल्लेही खातो हे कळून दशके लोटली, तरी हैदराबादच्या तळ्यांत तो अजून सोडला जातो. १९५२ मध्ये तिलापिया आला, ज्याला महाराष्ट्रात चिलापी म्हणतात. आज उजनीच्या काठावरचा कोळी आपल्या जाळ्यात आधी तोच मोजतो. शोभेची म्हणून आलेली जलपर्णी बंगालमध्ये इतकी माजली की १९३६ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. मुसीवर आणि हुसेनसागरावर तिचे हिरवे गालिचे यंत्राने ओढून काढणे हे आता महापालिकेचे बारमाही काम आहे. आफ्रिकी मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात, त्याच्या पैदाशीवर २००० साली केंद्राने बंदी घातली. तरी उजनीच्या परिसरात काय नि हैदराबादच्या आसपास काय, छापे पडतात, तळी बुजवली जातात आणि पुढल्या हंगामात नवी खोदली जातात. शेवटचा पाहुणा काचेच्या पेट्या साफ ठेवण्यासाठी आणलेला सकर मासा. अंगावर चिलखत, जाळे फाडणारे काटे, आणि काठात बिळे करायची खोड. मातीच्या बांधांच्या प्रदेशाला याहून वाईट भाडेकरू शोधून सापडणार नाही. मुसीकाठच्या अत्तापूर भागातल्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेने पाण्यात विरघळलेल्या डीएनएवरून त्याचा माग काढण्याची पद्धत बसवली, आणि पूर्वघाटातल्या तपासलेल्या निम्म्याहून अधिक जलाशयांत त्याचा पत्ता लागला.

परक्याचा हा हिशेब मांडताना एक कबुली मराठी माणसाने द्यायला हवी. लोणावळ्याला टाटांच्या वीजकंपनीने धरणात बुडालेल्या वाटांची भरपाई म्हणून १९७० च्या दशकात महाशीराची पैदास सुरू केली. साइक्सचा तोच खुदरी हजारोंनी वाढला, वाटला गेला आणि गळ टाकणाऱ्यांच्या हौसेसाठी कावेरीतही सोडला गेला. तिथे त्याने मूळच्या, पाठीवर कुबड असलेल्या महाशीराला इतके हटवले, की २०१८ मध्ये त्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली तीच नष्टप्राय जातींच्या यादीत नोंद होता होता. मुळा-मुठेत ज्याच्यासाठी हळहळायचे, तोच कावेरीत आक्रमक. परकेपणा जातीला चिकटलेला नसतो, तो जागेने आणि घाईने ठरतो. म्हणूनच ही भाषा माणसांना लावण्याचा मोह टाळलेला बरा. गौलीगुड्यासारख्या मोहल्ल्यात, जिथे मराठी, मारवाडी, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत नांदतात, तिथे तर नक्कीच.

भिंत पाडावी की ठेवावी, हा पेच उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांनी आपल्या आधी अनुभवला. १८२९ साली वेलंड कालव्याने नायगाऱ्याला वळसा घातला. माल वर गेला, आणि शंभरेक वर्षांत, १९२१ ते १९३८ च्या दरम्यान, रक्तपिपासू लॅम्प्रेही वरच्या सगळ्या सरोवरांत पोचला. तिथला ट्राउट कोसळला, आणि १९५५ पासून दोन देश मिळून त्या एका जिवाशी लढत आहेत. मिशिगनमध्ये ट्रॅव्हर्स सिटी इथे बोर्डमन नदीवरची तीन धरणे २०१२ ते २०१८ या काळात पाडली. चौथे, १८६७ चे, मात्र मुद्दाम ठेवले, कारण लॅम्प्रेला अडवणारी शेवटची भिंत तीच. आता तिच्या जागी असा मार्ग उभा राहत आहे, की पोहण्याची ताकद, आकार आणि सवयी पाहून देशी मासा वर घ्यावा आणि लॅम्प्रेला खाली ठेवावे; दहा वर्षे नुसते प्रयोग करायचे आणि मग ठरवायचे. जुन्या भिंतीचा त्यांनी निवडणारा उंबरठा केला.

मुसीवर हा उंबरठा कसा असेल, हे ठरवण्याआधी खालची नदी पाहिली पाहिजे, आणि इथेच आपल्या इतिहासातली सर्वांत कडू गोष्ट आहे. निवडणारा मार्ग मुसीवर आधीच आहे. तो आपण न बांधता बांधला. शहराचे सांडपाणी पिऊन नदी जिथे काळी होते, फेसाळते, तिथे पाण्यातला प्राणवायू संपतो. कल्ल्यांनी श्वास घेणारा, निवळ पाण्याचा देशी मासा त्या पट्ट्यात शिरू शकत नाही. शिरतो तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळणारा मागूर, चिखलात तग धरणारा सकर, काहीही सोसणारी चिलापी आणि दूषित डबक्यात सुखाने वाढणारा गंबुसिया. चाळणीतून धान्य खाली राहावे आणि खडे वर जावेत अशी ही उलटी चाळणी आहे. या स्थितीत गंडीपेटच्या भिंतीला उद्या शिडी लावली, तर तिच्या पायऱ्या चढून वर जाणारे कोण असतील, हे सांगायला ज्योतिषी नको. जी भिंत १९२० मध्ये माशाची वैरीण झाली, तीच आज वरच्या जलाशयातल्या उरल्यासुरल्या देशी माशांची राखण करते आहे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी सांडपाणी अडवून चाळणी सुलटी करायची. मग पावसाळ्याबाहेरही धरणाखाली थोडे वाहते पाणी ठेवायचे, कारण कोरड्या पात्रात शिडीचा उपयोग शून्य. त्यानंतर वाट, आणि तीही आरंभी काँक्रीटची नव्हे. चढणीच्या दिवसांत दारांखाली थोपणारे मासे जाळ्याने धरावेत, हाताने निवडावेत, देशी ते वर सोडावेत आणि बाकीचे बाजूला काढावेत; हे काम गंगपुत्र आणि मुदिराज मच्छीमारांइतके बिनचूक कोणतेही यंत्र आज करणार नाही. काठाने घाट, रस्ते आणि रोषणाई यांची चित्रे रंगवणाऱ्या नदीविकासाच्या चर्चेत या कामाला जागा मिळाली तर खर्च थोडा आहे. उलटा क्रम धरला तर मात्र शिडी हा आक्रमकांचा राजमार्ग ठरेल, आणि मग जलाशयातून त्यांना काढणे लॅम्प्रेशी लढण्यासारखे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम होईल.

त्याहून मोठी वाट दुसरीकडे उघडते आहे. गोदावरीचे पाणी मल्लन्नासागरातून या दोन जलाशयांत आणायचे आणि त्यातून मुसी वाहती करायची, अशी योजना आहे. तहान खरी आहे, नदीची गरजही खरी आहे. पण दोन खोरी जोडली की पाण्याबरोबर अंडी, पिल्ले, बिया आणि जंतूही प्रवास करतात, आणि भिंतीच्या मागच्या बाजूने आत येणाऱ्याला भिंत अडवत नाही. वेलंडही मालवाहतुकीसाठीच खोदला होता. जलवाहिनीच्या तोंडाशी गाळणी काय आहे, वर्षातून किती वेळा डीएनएची तपासणी होणार आहे, परका सापडला तर पंप कोणी थांबवायचे, हे प्रश्न उद्घाटनाच्या फलकापूर्वी सुटले पाहिजेत. याच जलाशयांच्या रक्षणासाठी ८ मार्च १९९६ रोजी १११ क्रमांकाच्या आदेशाने दहा किलोमीटरच्या परिघात बांधकामांवर निर्बंध आले. याच हिमायतसागराच्या खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व विस्ताराने मांडले, की हानी होणार नाही हे सिद्ध करण्याचा भार बदल करू पाहणाऱ्यावर असतो. २०२२ मध्ये त्या आदेशाची बंधने सैल करण्याचा निर्णय झाला. पंचवीस वर्षांत विसरायला आपण शिकलो, ही गती इतिहासालाही लाजवणारी आहे.

विश्वेश्वरय्यांच्या अहवालातून घ्यायचा धडा दारांच्या आराखड्यापेक्षा त्याच्या आधीच्या पानांत आहे. त्यांनी बांधण्यापूर्वी मोजले, एकेक तळे मोजले. मुसीच्या नव्या अहवालाचे पहिले पान तसेच असावे. अनंतगिरीपासून वाडपल्लीपर्यंत कोणता मासा कुठे उरला, त्याला मच्छीमार कोणत्या नावाने हाक मारतात, आणि तो कोणत्या नक्षत्राला कोणत्या भिंतीखाली येऊन थांबतो, याची यादी. साइक्सने १८३९ मध्ये एवढेच केले होते, भोयांना विचारून. ती यादी हाती नसताना उघडलेले प्रत्येक दार आंधळे आहे. बेगमबाजारच्या टोपलीत मृगाच्या दिवशी मुसीचा मासा पुन्हा कधी पडलाच, तर तो आपण खालचे पाणी आधी धुतले आणि दार नंतर उघडले म्हणूनच पडेल.